मनात आणलं की सुटतं

शोभनाताईंना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, आयुष्यात त्यांनी स्वतःला कसलंही व्यसन लावून घेतलं नाही, अगदी चहाचंसुद्धा. आणि दुसरी, त्यांच्या केदारनं सिगारेट सोडली. रोज सकाळी उठल्या उठल्या त्या मशेरीची डबी उघडत, चिमूटभर काळी पूड बोटावर घेत आणि टेक्सासमधल्या अर्विंगला केदारच्या टाउनहाउसच्या मागच्या अंगणात खुर्ची टाकून निवांत हिरड्यांवर चोळत बसत. दुपारी जेवण झालं की पुन्हा, संध्याकाळी पुन्हा, आणि मन उदास असलं तर अधूनमधूनही. पण ते काय व्यसन म्हणायचं? ते दात घासणं. कोरेगावात त्यांची आई घासायची, मावश्या घासायच्या, शाळेच्या हेडबाईसुद्धा घासायच्या. तंबाखू तव्यावर काळीठिक्कर भाजली की ती तंबाखू राहतच नाही, असा त्या सगळ्याजणींचा पक्का समज होता आणि तो तपासून बघायची गरज कुणाला पडली नव्हती.

सिगारेटशी मात्र शोभनाताईंचं उभं वैर. त्यांच्या नवऱ्याला, अरुणरावांना, सिगारेटनंच खाल्लं. पुण्याच्या घरात शेवटचे दिवस असे गेले की नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं सिलिंडर आणि एक वाक्य बोलायचं तर श्वास पुरत नाही. त्या अवस्थेतही त्यांनी दोन बोटं ओठांशी नेऊन बायकोकडे सिगारेट मागितली होती. शोभनाताईंनी दिली नाही. बरोबरच केलं, असं सगळे म्हणाले. अरुणराव दुसऱ्या दिवशी गेले. मागतानाची त्यांची नजर तेवढी गेली नाही. पुढे शोभनाताई कायमच्या मुलाकडे आल्या, तेव्हा ती त्यांच्याबरोबर विमानात बसून टेक्सासलाही आली.

वडिलांच्या तेराव्याला आलेला केदार पाहुण्यांची नजर चुकवून गच्चीवर सिगारेट ओढत होता, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मोठा सॉफ्टवेअरवाला, पंचेचाळिशीचा बाप्या, आणि बापाच्या फुलं वाहिलेल्या फोटोखालून उठून सरळ गच्चीवर! त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. इथे आल्यावर मात्र त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. उठता बसता एकच वाक्य, ‘मनात आणलं की सुटतं रे. तू मनात आणत नाहीस.’

सुटली ती मनानं नाही. घरापासून जवळच रस्त्यालगतच्या दुकानांच्या ओळीत, एका स्ट्रिप मॉलमध्ये, राज नावाच्या पोराचं वेपचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं, दुकान होतं. तिथून केदारनं आंब्याच्या चवीचा वेप आणला. बोटभर लांबीची नळी, ओढली की आंब्याच्या गोळीसारखा वास आणि पांढरी वाफ. आधी दोन्ही चाललं, मग सिगारेट कमी झाली, मग थांबलीच. सकाळचा खोकला गेला. जिना चढताना धाप लागेना. शोभनाताई त्याच्या खोलीबाहेर उभ्या राहून कान देऊन ऐकत, आणि खोकला ऐकू आला नाही की देवापुढे साखर ठेवत. तो वेपही काही चांगला नाही, असं सूनबाई इशिता म्हणायची. ‘नसेल बाई,’ शोभनाताई म्हणायच्या, ‘पण ह्यांच्यासारखा सिगारेटचा वास तर गेला घरातून.’

मग कायद्याची बातमी आली. चीनमध्ये बनलेले वेप राज्यात विकायचे नाहीत, असा तो प्रस्ताव, आणि राजच्या दुकानातले बहुतेक सगळे वेप चीनचेच. शाळकरी पोरं बाथरूममध्ये वेप ओढतात म्हणून सरकारला जाग आली होती. पोरांची काळजी खरीच होती. नातीच्या, सियाच्या शाळेतही दोघी सापडल्या होत्या. पण केदारला आपली सिगारेट परत येताना दिसू लागली. राजनं दुकानात सह्या गोळा केल्या, पोस्टर लावली, व्हॉट्सॲप ग्रुप काढला. ‘वी वेप, वी व्होट’ लिहिलेले टीशर्ट वाटले. केदारनं जन्मात कधी मोर्चा काढला नव्हता, तोही रविवारी तो टीशर्ट घालून फोन लावत बसू लागला. राज्याच्या राजधानीत, ऑस्टिनला, कमिटीपुढे सुनावणी होती आणि येईल त्याला दोन मिनिटं बोलायला मिळणार होती.

‘अंकल गेले त्याची स्टोरी सांगायला आंटीपेक्षा चांगलं कोण?’ राज म्हणाला. 

केदारनं आईकडून वाक्यं पाठ करून घेतली. मोजकी होती. माझ्या नवऱ्याचा जीव सिगारेटनं घेतला. माझ्या मुलालाही ते व्यसन होतं आणि त्याला ते सुटत नव्हतं. वेपमुळे तो वाचला, तो काढून घेऊ नका. त्या मराठीत बोलणार, इशिता इंग्रजी करून सांगणार. गाडीत वाटेतल्या वाको गावापर्यंत शोभनाताई ती वाक्यं मंत्रासारखी म्हणत होत्या.

सभागृह थंडगार होतं. त्यांच्या आधी एक धिप्पाड गोरा बाप्या बोलायला बसला. ‘आय ॲम ॲन ॲडिक्ट,’ तो म्हणाला, आणि सगळ्यांदेखत डोळे पुसू लागला. शोभनाताईंना तेवढं इंग्रजी कळत होतं. भिंतीवर कॅमेरे होते. हे सगळं इंटरनेटवर थेट दिसतं, असं केदारच म्हणाला होता. म्हणजे पुण्यात जाऊबाई बघणार, महिला मंडळातल्या सगळ्या बघणार, उद्या सियाचं लग्न ठरवताना कुणीतरी शोधून काढून बघणार. बाप व्यसनी! आणि हे सांगितलं कुणी, तर सख्ख्या आजीनं!

त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘माझे मिस्टर सिगारेटनं गेले. माझा मुलगा मात्र व्यसनी नाही. तो मनाचा घट्ट आहे. मनात आणलं आणि सोडली त्यानं.’

इशितानं केदारकडे पाहिलं. मग खाली मान घालून तिनं जसंच्या तसं इंग्रजी केलं. खोटं भाषांतर करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

कमिटीतल्या एक चष्मेवाल्या बाई पुढे वाकल्या आणि फार प्रेमानं म्हणाल्या, ‘म्हणजे त्याला ह्या उपकरणाची खरं तर गरज नव्हती?’

इशितानं विचारलं, ‘आई, त्या विचारतायत, वेपची गरज नव्हती का?’ तिच्या डोळ्यांत विनवणी होती. शोभनाताईंना ती दिसली नाही. त्यांना फक्त आपला केदार दिसत होता, चारचौघांत मान वर करून बसलेला.

‘छे! काही गरज नव्हती,’ त्या म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर राज दुसऱ्या गाडीत बसला. केदार गाडी चालवत होता. वाको मागे पडल्यावर शोभनाताईंनी विचारलं, ‘बरं बोलले ना रे?’

‘छान बोललीस आई,’ केदार म्हणाला.

कायदा काही शोभनाताईंमुळे झाला नाही. तो होणारच होता, सगळ्यांना माहीत होतं. पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारायचं धाडस केलं नाही. सप्टेंबर उजाडला आणि राजच्या दुकानातल्या मांडण्या रिकाम्या झाल्या. परवानगी असलेले वेप उरले होते, पण ते तंबाखूच्या नाहीतर पुदिन्याच्या चवीचे. केदारनं तंबाखूचा एक आणला. दोन झुरके घेतले आणि नळी टेबलावर ठेवून दिली. ‘हा ओढला की मला सिगारेटच आठवते यार,’ तो इशिताला म्हणाला. एका शनिवारी बंदी नसलेल्या शेजारच्या ओक्लाहोमा राज्यात जाऊन आला. तिथे टेक्सासवाल्यांची झुंबड उडालेली आणि आंबा संपलेला. हात हलवत परत आला तेव्हा शोभनाताई त्याच्या चेहऱ्याकडे बघतच राहिल्या. बाप असाच दिसायचा, पाकीट संपलं की.

त्याच सुमाराला त्यांची मशेरी संपली. गणपतीला भाची अहिल्या पुण्याहून येणार होती, ती डबे आणणार होती. पण तिच्या मुलानं बॅग भरताना ते काढून टाकले. अमेरिकेच्या एअरपोर्टवर काळी पूड सापडली तर आईला धरतील म्हणे! शोभनाताई हसल्या आणि मोदक वळायला बसल्या.

विसर्जन झालं, पाहुणे गेले आणि घर ओकंबोकं झालं. केदार कुणाशी धड बोलत नव्हता. सियानं टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून तिच्यावर खेकसला, मग स्वतःच कपाळ धरून बसला. शोभनाताई त्याच्याजवळ गेल्या. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘हे बघ. माझी मशेरी संपलीय. आता मी मागवत नाही. तूही ते नळकांडं विसर. दोघं मिळून सोडू. मनात आणलं की सुटतं.’

सिया सोफ्यावरून म्हणाली, ‘आज्जी, युअर मशेरी इज लिटरली टोबॅको. आय लुक्ड इट अप.’

‘गप गं. दंतमंजन आहे ते.’

केदार कसनुसं हसला. ‘ठीक आहे आई,’ तो म्हणाला. ‘दोघं सोडू.’

पहिल्या दिवशी शोभनाताईंचं डोकं दुखलं. उन्हामुळे असेल. मग पोट साफ होईना. मग हात थरथरू लागले, फुलके जळू लागले, आणि एका सकाळी भाजीत मीठ नाही एवढं इशिता म्हणाली तर त्या ढसाढसा रडल्या. रिकामी डबी त्यांनी बोटानं खरवडून खरवडून चाटली, पाण्यानं विसळून ते पाणीही हिरड्यांना लावलं. कोळसा उगाळून पाहिला, तो नुसताच काळा. इंडियन ग्रोसरीत जाऊन विचारलं, त्या पोरीला मशेरी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. रस्त्यानं चालतानाही त्यांच्या डोक्यात दुसरा विचार नसे. साठ वर्षं ज्याला दात घासणं म्हटलं, त्यानं त्यांचं मानगूट धरलं होतं. हे त्यांना कळत होतं, आणि कळलं म्हणून काडीचाही फरक पडत नव्हता.

एवढे हाल सोसून त्या तग धरून होत्या, ते एकाच गोष्टीवर. तिकडे केदारही सोसतोय. आपण हरलो तर तो हरेल.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. झाडू मारताना सोफ्याखाली गणपतीच्या आराशीतली दिव्यांची माळ सापडली. ती गणपतीच्या सामानाच्या खोक्यात ठेवून द्यावी म्हणून त्या गॅरेजमध्ये गेल्या. खोका पुढच्या वर्षापर्यंत कुणी उघडणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. केदारलाही. मखराचे पडदे उचलले तर खाली सिगारेटचं पाकीट. अर्ध्याहून जास्त संपलेलं. शेजारी लायटर.

शोभनाताई गॅरेजच्या फरशीवरच बसल्या. त्यांना किंचाळावंसं वाटलं. इशिताला फोन करावासा वाटला. केदार येऊ दे, त्याच्या थोबाडीत मारते, असंही वाटलं. ऑक्सिजनचं सिलिंडर, नाकातली नळी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं आणि त्या एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, ‘नको रे बाळा, नको.’ पाकीट चुरगाळून फेकायला त्यांनी उचललं. तेवढ्यात आतल्या तंबाखूचा वास त्यांच्या नाकात शिरला.

तोंडाला पाणी सुटलं.

त्या तशाच उठल्या आणि स्वयंपाकघरात आल्या. गॅस पेटवला, पोळ्यांचा तवा ठेवला. आपण काय करतोय ते त्यांना दिसत होतं, पण हात ऐकत नव्हते. नखानं एकेका सिगारेटचा कागद फाडून त्यांनी आतली तंबाखू तव्यावर झाडली. एक तेवढी बाजूला काढून चहाच्या डब्यामागे ठेवली. इशिताला पुरावा दाखवायला, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तंबाखू तडतडली, तपकिरी झाली, काळी पडू लागली. आईच्या चुलीपुढचा वास घरभर सुटला. ठसका लागून डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तरी त्या उलथन्यानं परततच राहिल्या. पुरती काळी व्हायची वाटही पाहवेना. गरम गरमच चिमूट उचलली, बोट भाजलं, आणि ते बोट त्यांनी तसंच हिरडीवर दाबलं. डोळे मिटले. 

स्मोक अलार्म कर्कश ओरडू लागला.

टॉवेल घेऊन त्या खाली उभ्या राहून हवा घालत होत्या, तेवढ्यात गॅरेजचं दार धाडकन उघडलं. केदार होता. ऑफिसच्या लंच टाइममध्ये आला होता, आणि कशासाठी आला होता ते विचारायची गरज नव्हती. दिव्यांची माळ त्याच्या हातात लोंबत होती. म्हणजे खोका उपसून झाला होता.

त्यानं खुर्ची ओढली, वर चढून अलार्म बंद केला. खाली उतरला. तव्यात काय आहे ते पाहिलं. ओट्यावरचे फाटलेले पांढरे कागद आणि फिल्टरांचा ढीग पाहिला. मग आईचं काळं बोट, काळे ओठ.

शोभनाताई भिंतीला टेकल्या. ‘ऑस्टिनला मी खोटं बोलले रे,’ त्या म्हणाल्या. ‘नाही सुटत. मनात आणून नाही सुटत.’

केदारनं कागद एकेक करून उचलून पाहिले, एखादी अख्खी राहिली आहे का बघत. मग आईकडे वळला. 

‘सगळ्या भाजल्यास?’ त्यानं विचारलं.

आवाज लहान पोरासारखा आला. नजर मात्र त्याची नव्हती. ती नजर शोभनाताई चांगली ओळखत होत्या. त्या वेळी त्यांनी नाही म्हटलं होतं आणि सगळ्यांनी त्यांना शाबासकी दिली होती. आताही नाही म्हणायचं होतं. नाहीच म्हणायला हवं होतं. 

त्यांनी चहाच्या डब्यामागे हात घातला, ती एक सिगारेट काढली आणि मुलाच्या हातावर ठेवली. गॅस अजून चालूच होता.