माझा आवाज कर्कश का झाला

मित्रांनो, गिटारच्या तारेतून निघालेला आवाज फार दुबळा असतो. तो तसाच मोठ्या स्पीकरकडे पाठवला, तर मागच्या रांगेपर्यंतही पोचत नाही. म्हणून तो आधी माझ्याकडे येतो. मी त्याला बळ देतो, थोडा रंग देतो आणि पुढे पाठवतो. मला प्रीॲम्प म्हणतात. दिसायला मी पोळ्यांच्या डब्याहून जरा मोठा, हिरव्या रंगाचा पत्र्याचा डबा. पोटात काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत. ते तापून नारिंगी झाले की मी बोलायला तयार होतो.

माझा जन्म हिंगणघाटचा. बत्तीस वर्षांपूर्वी प्रेमदासने मला बनवले. तो दिवसा कापडगिरणीत यंत्रांवर उभा राहायचा आणि संध्याकाळी घराच्या ओसरीवर रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा मित्र विवेक भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. बाजारातल्या यंत्रावर त्याची गिटार भोंग्यासारखी ओरडायची. प्रेमदासने एका बंद पडलेल्या रेडिओचे व्हॉल्व्ह घेतले, पत्रा कापला आणि मला उभे केले.

माझ्या आत कंडेन्सर नावाच्या गोळीएवढ्या वस्तू आहेत. कोणता आवाज पुढे जाऊ द्यायचा आणि कोणता अडवायचा, हे त्या ठरवतात. एक बदलला की आवाज जाड होतो, दुसरा बदलला की बारीक. प्रेमदासने दोन महिने माझे कंडेन्सर काढले, घातले, पुन्हा काढले. प्रत्येक वेळी आधी प्लग काढायचा, आणि आतली वीज उतरेपर्यंत गुडघ्यावर हात ठेवून स्वस्थ बसायचा. मग विवेकला म्हणायचा, "वाजव." शेवटी माझा आवाज असा झाला, की गाणारा श्वास घ्यायला थांबला तरी गाणे थांबल्यासारखे वाटत नसे.

रोहण्याला, कारंज्याला, कुठे कुठे गेलो मी! ट्रकच्या टपावरून प्रवास केला, गोणपाटात गुंडाळून. लोक स्टेजजवळ येऊन विचारायचे, "कोणत्या कंपनीचा हाय?" विवेक सांगायचा, "प्रेमदास कंपनी."

नंतर माझेच काम करणारे, तळहातावर मावतील असे तयार पेडल आले. विवेकच्या गुडघ्यांनीही दगा दिला, पार्टी सुटली. मी बारा वर्षे कपाटावर होतो. माझ्यावर आधी वर्तमानपत्रे ठेवली, मग रिकामी सुटकेस. कोणाचा दोष नव्हता. पण मित्रांनो, ज्याचे कामच बोलणे आहे त्याला गप्प बसणे फार जड जाते.

मला खाली काढले ते विवेकच्या मुलीने, आकांक्षाने. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी करते आणि बापाच्याच गिटारवर वाजवायला शिकली आहे. माझ्यातून घूंऽऽ असा आवाज येत होता, म्हणून ती मला प्रेमदासकडे घेऊन गेली.

प्रेमदास आता सत्तरीचा झाला होता. मला पाहून त्याने माझ्या पत्र्यावरून असा हात फिरवला, की मला माझे वय विसरायला झाले. घूं त्याने एका दिवसात घालवली. मग आकांक्षाला वाजवायला लावले आणि मान हलवली. "आवाज बसला याचा. धार नाई राह्यली. थांब, एक छोटा कंडेन्सर टाकतो."

त्या दिवशी माझा आवाज टोकदार झाला. आकांक्षा दचकली. पण एवढ्या मायेने काम करणाऱ्या माणसाला काय बोलायचे? ती म्हणाली, "छान झाला, काका."

घरी जाऊन तिने स्पीकरवर टॉवेल टाकला.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. "काका, जरासा मऊ करता का?" प्रेमदासला वाटले, पोरगी भिडेखातर कमी मागते आहे. त्याच्या कानाला तर मी अजूनही दबलेलाच वाटत होतो. त्याने मला आणखी धार लावली. तिसऱ्या वेळीही तेच झाले. मला सारे कळत होते. पण मी माझ्याकडे आलेला आवाजच तेवढा पुढे नेऊ शकतो, स्वतःचे एक अक्षर बोलू शकत नाही.

आकांक्षा वाजवणार होती त्या भीमजयंतीच्या कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. विहारात दुपारी तालीम होती. प्रेमदास कौतुकाने पुढे बसला होता. आकांक्षाने पहिलाच सूर छेडला आणि ढोलकीवाल्या लहानूने खांदे आवळले. तानाबाई कोरसमध्ये गायची, ती सरळच बोलली, "बंद कर वं बाई! कानात सुई टोचून राह्यली!"

प्रेमदासचा चेहरा उतरला. त्याने सगळ्यांकडे पाहिले. मग उठून माझी वायर काढली आणि मला काखेत मारून घरी आणले. ओसरीवर ठेवून माझे झाकण उघडले, हातात कटर घेतला.

"काय करून राह्यले तुमी?" त्याची बायको मीराबाई तांदूळ निवडत होती.

"म्हातारा झाला हा. याच्यात काई राह्यलं नाई. पार्ट काढून घेतो."

मीराबाईने सूप बाजूला ठेवले. त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "त्याले नका कापू. त्याचं काई चुकलं नाई."

"मंग कोणाचं चुकलं?"

"कोणाचंच नाई. कुकरची शिटी तुमाले दोन सालापासून ऐकू येत नाई. तुमी चुलीजवळ बसले असले, तरी शिट्या मीच मोजतो. तुमाले वाईट वाटंन म्हणून बोलली नाई. गिरणीत एवढी वर्सं त्या खडखडाटात उभे राह्यले, बारीक आवाज ऐकाचा कान तिकडंच राह्यला तुमचा."

मित्रांनो, प्रेमदासने कटर खाली ठेवला. त्याचे डोळे भरले. नंतर त्याने विचारले, "काऊन सांगतलं नाई मले?" मीराबाई त्याच्याजवळ सरकून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः मला घेऊन विवेकच्या घरी गेला. दारातच म्हणाला, "पोरी, माह्या कानात बारीक आवाज येत नाई. मले आतापर्यंत माईत नोतं. हात माहे अजून चांगले हायेत. ऐकाचं काम तू कर."

आकांक्षा रडायलाच लागली. "माहीच चूक हाय, काका. मी खोटं छान म्हटलं."

"रडाचं मंग पाहू. वाजव."

त्या दिवशी तिने लॅबमधून सुटी घेतली. तो एक कंडेन्सर काढायचा, दुसरा लावायचा. ती वाजवायची आणि मनात येईल ते सांगायची. "काचेसारखा लागते." "आता घोंगडीत गुंडाळल्यासारखा झाला." "थोडा उघडा करा." प्रेमदास तिच्या तोंडाकडे एकटक पाहत होता. दुपार कलताना तिने एक लांब सूर धरला आणि बोलायचेच विसरली. तिचे खांदे सैल पडले होते. प्रेमदासने सोल्डरिंगची तापलेली सळई खाली ठेवली. "झालं," तो म्हणाला. त्याला ते दिसले होते.

माझा हा आवाज जुन्यासारखा नाही. विवेकच्या वेळी मी भारदस्त होतो. आता आकांक्षाच्या बोटांना शोभेल असा जरा हलका आहे. मला तो आवडतो.

जयंतीला तानाबाई माझ्या अगदी शेजारी उभी राहून गायली. प्रेमदासने पुढच्या महिन्यात वर्ध्याला जाऊन कान तपासून घेतले. मीराबाई सोबत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ पुसा, त्यांना कपाटावर विसरू नका. आणि त्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या हातांशी खरे बोला. जवळ बसून, मायेने, पण खरे. कार्यक्रमाआधी माझे झाकण लावताना प्रेमदासने आतल्या बाजूला मार्करने एक ओळ लिहिली आहे. पुढे मला कोणी उघडेल, त्याला ती सगळ्यात आधी दिसेल:

'आवाज बदलाच्या पयले वाजवणाऱ्याले विचारजो. – प्रेमदास, हात. आकांक्षा, कान.'