उजव्या हाताची साक्ष

थोरलीची जीभ तिच्या उजव्या हातात होती. तोंडातली जीभ जन्मापासून घास फिरवण्यापुरतीच. शब्द काही तिला पेलला नाही. डावं अंग कायमचं रुसलेलं. उजवा हात मात्र आईनं घडवला. जाड पुठ्ठ्यावर अक्षरांच्या ओळी लिहिल्या, शेवटची काना-मात्रांची, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत ती विचारायची, ही? ही? मनातली ओळ आली की थोरली हात उचलायची. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पुठ्ठा मांडीवर घेताना आई गुणगुणायची,

हाताला गं जीभ तुझ्या, बोल बाई सावकाश
तुझ्या एका अक्षराला, मला दिवसाचा अवकाश

आई गेली. पुठ्ठा धाकटीकडे आला, अवकाश मात्र आईबरोबरच गेला.

धाकटी शर्टांच्या कारखान्यात कॉलर लावायची. दिवसभर यंत्रावर हात पळवून घरी आली की पुठ्ठ्यावरही तिचं बोट पळायचं. दोन अक्षरं आली की शब्द तिचा, दोन शब्द आले की वाक्य तिचं. "पाणी ना? कळलं, कळलं." बहुतेकदा बरोबर असायचं. नसलं, तर थोरली हात खाली ठेवायची आणि पाणी प्यायची. एकदा थोरलीनं तिचं नाव ठेवायला घेतलं, 'घाईबाई'. पहिलंच अक्षर आलं आणि धाकटी उठली, "घाम आलाय? थांब, पुसते!" थोरली त्या दिवशी अंग गदगदेपर्यंत हसली. का ते धाकटीला चार दिवसांनी कळलं.

दिवसा थोरली केंद्रात असायची. तिच्यासारखी चाळीस माणसं तिथं पाकिटं मोजायची, लेबलं चिकटवायची. एका संध्याकाळी जेवण उरकून धाकटीनं थोरलीच्या मनगटावरची ओढणी सोडली आणि खालचा वळ तिला दिसला. बांगडीसारखा गोल, बारीक, कातडं सोललेला. ओढणीनं असा वळ उठत नाही.

"ताई, हे काय गं?"

पुठ्ठा आला. म, काना, व. "मावशी? मावशीनं बांधलं?" हात उचलला गेला.

मावशी म्हणजे केंद्रातली मदतनीस बाई. सगळ्यांची मावशी, कुणाच्याच आईची बहीण नव्हे. लेबलांची खळ सांडते म्हणून ती थोरलीचा हात खुर्चीच्या दांडीला पट्टीनं बांधायची. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच बैठकीत तिनं तक्रार लिहिली: बोलत्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावा, तसं हे आहे.

चौकशीला बाहेरून एक मॅडम आल्या. केंद्राचीच खोली, एक टेबल, भिंतीवर घड्याळ, दाराशी किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत उभी मावशी. धाकटी पुठ्ठा घेऊन बसली. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, थोरलीनं दोन अक्षरं सांगितली आणि धाकटी सुरू झाली, "ती म्हणतेय की मावशी रोज सकाळी..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्यांचा हात खालीच होता."

"मला कळतं ना तिचं. बहीण आहे माझी."

"मला तुमचं नको. त्यांचं हवंय."

"मी तरी दुसरं काय म्हणत होते?" मावशी दारातून म्हणाली. "पोपट ती, पढवणारी ही."

मॅडमनी धाकटीला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि पुठ्ठा स्वतः घेतला. त्यांचं बोट अडखळायचं, ओळ चुकायची. धाकटीला फक्त ऐकू येत होतं, ही? ही? घड्याळाचा मोठा काटा अर्धं वर्तुळ फिरला, तेव्हा पहिलं वाक्य झालं.

"मॅडम, चष्मा पुसा," मॅडमनी वाचलं. त्या मोठ्यानं हसल्या. त्यांनी खरंच चष्मा पुसला. दारातल्या किल्ल्या थांबल्या. खिडकीकडे बघत धाकटीनं ओठ दाबले. छाती सुपाएवढी झाली होती. आता बोल ताई, तिनं मनात म्हटलं. आता घाल घाव.

"तुमचा हात कोण बांधतं?"

ही? ही? धाकटीच्या ओठांवर नाव येऊन बसलं होतं. तिनं ते दातांखाली धरलं.

"दोघी," मॅडमनी वाचलं. "दोघी कोण?"

पुन्हा ही, पुन्हा ही. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची हवा भरत होतं. ती भरून झाली, सायकल निघून गेली.

"इथे मावशी," मॅडम हळूहळू म्हणाल्या. "घरी बहीण. जेवताना."

धाकटी वळली. "मॅडम, ते तसं नाही. तिचा हात उडतो, सगळं सांडतं, मला वेळ नसतो, तिच्या भल्यासाठीच..."

आणि ती मधेच थांबली. तक्रारीवर मावशीनं दिलेल्या लेखी खुलाशात हेच शब्द होते, याच क्रमानं. ते वाचून तिनं कागद भिरकावला होता.

मावशीनं टोमणा मारला नाही. थकल्या आवाजात एवढंच म्हणाली, "चाळीस माणसं, मी एकटी. हिला तर एकच आहे."

थोरलीचा हात पुन्हा उचलला गेला. तिचं संपलं नव्हतं. मॅडमनी घड्याळ पाहिलं, बाहेर दुसरी माणसं खोळंबली होती. "पुढच्या वेळी नक्की," त्या म्हणाल्या आणि पुठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. हात बराच वेळ तसाच वर होता.

पुढची वेळ आली नाही. शनिवारी पत्र आलं: घरीही हीच पद्धत असल्याने मदतनीस बाईंचा हेतू वाईट दिसत नाही. समज दिली आहे. तक्रार बंद.

त्या संध्याकाळी धाकटीनं ओढणी खुंटीवरच ठेवली. तिसऱ्या घासाला थोरलीचा हात उडाला; वाटी भिंतीवर, भात जमिनीवर. धाकटीनं पुसलं. दुसरी वाटी घेतली. ती अर्धी पोटात गेली, अर्धी दोघींच्या अंगावर. जेवण संपेपर्यंत दिवेलागण झाली. मग थोरलीचा हात वर गेला आणि वरच राहिला.

धाकटीनं पुठ्ठा मांडीवर घेतला. आईची ओवी तिनं आठवून पाहिली; पहिली ओळ आली, दुसरी आली नाही.

"ही? ही?"

स. मग काना, मात्रा. मग म. धाकटीला तिथंच कळलं. वाक्य सबंध तिच्या घशात येऊन उभं राहिलं. तिनं ते गिळलं आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवलं. एकेक अक्षर, एकेक मात्रा. शेवटचा हात खाली येईपर्यंत ती थांबली आणि मगच तिनं मोठ्यानं वाचलं.

"सोमवारी नको पाठवू."

सोमवारी आठाच्या ठोक्याला कॉलरी तिची वाट बघणार होत्या. घरात तिसरं माणूस नव्हतं आणि दुसरं केंद्रही नव्हतं. "ताई," ती म्हणाली.

थोरलीनं हात पुन्हा उचलला होता. धाकटीनं डोळे पुसले आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही?"