भाकर भाजेपर्यंत नो सिग्नल

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तलवारी आणि तोफा आपली कहाणी सांगताना छाती पुढे काढतात. मला छाती नाही. पत्र्याचं एक झाकण आहे आणि त्याचेही अर्धे स्क्रू गंजले आहेत. मी केबल टीव्हीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर. दारव्ह्याहून वायरीतून निघालेलं चित्र आमच्या बंजारा तांड्यापर्यंत येता येता थकून जातं. मी त्याच्यात पुन्हा जोर भरतो आणि घराघरात पाठवतो. तांड्यातली माणसं मला नुसतं 'डबा' म्हणतात.

कारखान्यात माझी परीक्षा झाली आणि माझ्यावर 'पास' असा शिक्का बसला. आयुष्यात माझं झालेलं कौतुक एवढंच. मग दारव्ह्याच्या मन्सूरभाई केबलवाल्यांनी मला पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवर आणलं आणि हंसाबाईच्या घराला लागून असलेल्या खांबावर टांगलं. टांगल्या टांगल्या मला कळलं की मला उंचीची भीती वाटते. पण तोवर उशीर झाला होता.

थंडीच्या दिवसांत मी गरम असतो म्हणून एक वांदर माझ्यावर येऊन बसतं. शेपूट खाली सोडून विचार करत राहतं. काय विचार करतं ते मला कळत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते. माझ्या पोटात एक पाल राहते. आकाशात कडाडलं की मी आणि ती एकमेकांकडे बघतो. दोघांकडेही उपाय नसतो.

मला लागणारी वीज हंसाबाईच्या घरातून येते. माझी वायर तिच्या खिडकीतून आत जाते आणि देवाच्या फोटोशेजारच्या बोर्डात तिचा प्लग बसतो. विजेच्या बदल्यात हंसाबाईला केबल फुकट. केबलच्या धंद्यात ही रीतच आहे. थोडक्यात, माझा जीव हंसाबाईच्या भिंतीत खोचलेला आहे.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. यंदा मात्र संध्याकाळची एक नवी मालिका सुरू झाली आणि माझे दिवस फिरले.

त्या मालिकेत एक जाऊ आहे. ती दिसायला फार गोड आहे आणि कोणाला ना कोणाला मारायला निघालेली असते. हंसाबाई घरात एकटीच. चुलीपुढे भाकरी थापता थापता ती मालिका बघते. एके संध्याकाळी त्या जावेने चाकू उचलला. हंसाबाई पिठाच्या हातांनी उठली, बोर्डाजवळ गेली आणि तिने माझा प्लग ओढून काढला.

माझा दिवा विझला. घरघर थांबली. भीती मात्र विजेवर चालत नाही, त्यामुळे ती चालूच राहिली.

सगळ्या तांड्यात 'नो सिग्नल' आलं. लोक बाहेर आले. तांड्याचे नाईक शंकरसिंग एक लांब बांबू घेऊन आले आणि त्यांनी मला खालून हाणायला सुरुवात केली. आत हंसाबाईने शांतपणे एक भाकर भाजली, उलटली, फुगवली, टोपल्यात टाकली आणि प्लग परत लावला. तिचा हिशोब साधा होता. एक भाकर होईपर्यंत कोणताही खून आटोपतो.

नेमका त्याच वेळी नाईकांचा एक फटका माझ्या बरगडीत बसला. घराघरातून ओरड झाली, "आलं! आलं!"

"पाह्यलं?" नाईक म्हणाले. "मार पडल्याबिगर याले समजत नाई."

तांड्याला औषध सापडलं. बांबू माझ्याच खांबाला टेकवून ठेवला गेला.

मित्रांनो, त्यानंतरची माझी अवस्था काय सांगू! ती मालिका आधी माझ्या पोटातून जाते. जावेने दुधात काही कालवलं की मला पुढचं सगळं दिसायचं. दुधानंतर प्लग, प्लगनंतर बांबू. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणापायी इतका मार खाणारा मी एकटाच असेन. मी मनातल्या मनात त्या जावेला विनवायचो, बाई, आज तरी देवदर्शनाला जा. ती जायची, आणि देवळाच्या पायऱ्यांवरून कोणाला तरी ढकलायची.

तक्रार गेली की मन्सूरभाई दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे. सकाळी भजनं लागलेली असतात. भजनात कोणी कोणाला मारत नाही.

"मस्त तं दिसून राह्यलं, नाईक," ते म्हणायचे. माझी एखादी वायर उगाच आवळायचे आणि जायचे. संध्याकाळी पुन्हा बांबू.

शेवटी नाईकांनी त्यांना रस्त्यात अडवलं. "मन्सूरभाई, डबा बदला. नाई तं आम्ही सारे आपापल्या छतावर डिशच्या छत्र्या लावतो."

"बदलतो ना, नाईक. संध्याकाळी नवा आणतो. याले भंगारात टाकतो."

भंगार! भंगाराचा हातगाडीवाला माझ्याखालूनच जातो. गाडी सावलीत थांबवून तो जुन्या डब्यांची झाकणं हातोड्याने फोडतो आणि आतलं तांबं ओढून काढतो. मी वरून कितीदा पाहिलं आहे. त्या दिवशी दुपारभर मी इतका थरथरलो की पालही घर सोडून गेली.

संध्याकाळ झाली. मन्सूरभाई शिडी लावून वर चढले. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून नवा डबा माझ्याकडे बघत होता. त्याच्यावरही 'पास' लिहिलं होतं. खाली शंकरसिंग नाईक बांबू घेऊन हजर होते, औषध म्हणून. मन्सूरभाईंनी पान्याने माझा पहिला नट सैल केला. त्याच वेळी मालिकेत जाऊ जिन्याच्या वरच्या पायरीवर तेल ओतू लागली.

माझा दिवा विझला.

"आँ?" मन्सूरभाईंनी खिशातून टेस्टर काढला आणि माझ्या वायरीला लावला. टेस्टर पेटला नाही. "नाईक, हा खराब नाई. याले लाईटच नाई!"

"मंग मारू का?"

"कोणाले?"

नाईकांनी बांबू खाली केला. मन्सूरभाई भरभर खाली उतरले आणि हंसाबाईच्या दारात गेले. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. हंसाबाई बोर्डाजवळ उभी होती. मुठीत प्लग, तव्यावर भाकर.

"काकी, हे तुमी काढता? रोज?"

"रोज कायले? थे बया कोणाले मारते तवाच."

"अवं, पन काहून?"

"वायर कोणाच्या घरातून जाते? माह्या ना? मंग थे चाकू, थे जहर, सारं माह्याच घरातून निंगते आन् तिकडं पुष्पीच्या घरी जाते. दोन जिवाची पोरगी हाये थे. तिनं असं पाह्यलं तं पोटातल्याचं काय? म्या तं इथंच अडवते."

मन्सूरभाईंनी टेस्टर परत खिशात ठेवला. त्यांच्या धंद्यात अशी तक्रार कधी आली नव्हती.

गलका ऐकून शेजारची पुष्पा कमरेवर हात ठेवून हळूहळू आली. तिचा नवरा श्रावण वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे. आठवड्यातून एकदा घरी येतो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काकी, आजचा भाग म्या तं कालच मोबाईलवर पाह्यला. जिच्यासाठी तेल ओतलं थे मरत नाई. तेलावरून घसरते आन् कोमात जाते."

"कोमात?" हंसाबाईने छातीवर हात ठेवला. "मंग वाचते?"

"वाचते. पन मंग कोनाले वळखत नाई."

"अवं माय!"

पुष्पा पुढे आली. "काकी, खरं सांगा. माह्यासाठीच काढता का तुमी प्लग?"

हंसाबाईने तव्यावरची भाकर उलटली. ती जळाली होती. हंसाबाई म्हणाली, "एकटीले भेव लागते वं."

"मले बी लागते," पुष्पा म्हणाली. "श्रावण नसला का उंदीर खडबडला तरी उठून बसते. त्यात हे पहिलंच."

मग तिने कोपऱ्यातली सतरंजी ओढली, चुलीजवळ अंथरली आणि भिंतीला टेकून बसली. हंसाबाईने प्लग स्वतःच्या हाताने लावला. मन्सूरभाई शिडीवर चढले, माझा सैल नट त्यांनी आवळला आणि नवा डबा पिशवीतून न काढताच घेऊन गेले. शंकरसिंग नाईक जरा वेळ खांबाखाली थांबले. मग वर पाहून म्हणाले, "गलती झाली लेका." एका डब्याची माफी मागताना कोणी पाहू नये म्हणून ते लगेच घरी गेले.

दुसऱ्या संध्याकाळी त्या जावेने उशी हातात घेतली. माझ्या सगळ्या वायरी आखडल्या. खिडकीत हंसाबाई उठू लागली. पुष्पाने तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला. हंसाबाई बसली. ती उशी माझ्या पोटातून अख्खी गेली, घराघरात पोचली, आणि तांड्यात कोणालाही काही झालं नाही. ज्याला व्हायचं होतं तोही पुढच्या भागात खोकत उठला.

माझी भीती काही गेलेली नाही. पण मित्रांनो, घाबरणाऱ्याचं म्हणणं एकदा ऐका. चित्र गेलं तर डब्याला मारू नका, आधी प्लग बघा. आणि प्लग कोणाच्या मुठीत सापडला, तर तो हिसकावू नका. त्या माणसाजवळ जरा वेळ बसा.