माश्यांचं सुतक

वेल्माच्या परसात सफरचंदाच्या रसातले सायडर-डोनट चघळत अर्धं गाव जमलं होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या त्या गावात एवढी गर्दी लग्नालासुद्धा होत नाही.

"आता बघा!" एमॉसबुवा गरजला. डोक्याला काळी हॅट, बगलेत विकायच्या काळ्या फितींचं गाठोडं. मधमाश्या अन् पिठीसाखर घातलेली जाळीच्या झाकणाची बरणी त्यानं पांढऱ्या ताटात झटकली; माश्यांच्या अंगावरचा किडा साखरेनं सुटून जाळीतून खाली पडतो. पिठीसाखर पडली, किडा एकही नाही! मघाशी ह्याच पेटीतल्या माश्या साखरेत घोळवल्या, तेव्हा ताटात तिळाएवढे तांबडे किडे वळवळत होते.

"मधे केलं काय? पेटीला फीत बांधली अन् तुमचा नवरा लाइल गेल्याचं माश्यांना सांगितलं. घरधनी मेला, कुणी कळवलंच नाही! त्या दुःखानंच किडा लागतो, ताई. औषधं द्या फेकून!"

शेजारच्या हायरम म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "वेल्मा, अगं सांगायचं विसरलीस? आपल्यात मयत झाली की आधी माश्यांना सांगतात!"

वेल्मा चरकली. लाइलच्या दोन पेट्या ह्याच किड्यानं बसल्या होत्या, ही शेवटची. औषधाच्या पट्ट्या घरात आणलेल्या. आता घातल्या नाहीत, तर हिवाळ्यात आत नुसता मेलेल्या माश्यांचा खच.

पण ती विसरली नव्हती. लाइल गेला त्याच सकाळी तिनं पेटीवर किल्लीनं टकटक करून सांगितलं होतं, "बायांनो, तुमचा मालक गेला." तेव्हा बघायला कुणी नव्हतं, एवढंच. म्हणजे बुवा इथंच खोटा पडला. मग पुढचं तरी कशावरून खरं?

तिला बुवाचे हात आठवले. पहिली बरणी पेटीतल्या पोळ्याच्या मधल्या चौकटीवरनं भरली, दुसरी पार कडेच्या. का बरं?

"बुवा, अजून एक बरणी होऊ द्या. भरते मी."

"नको ताई! माश्यांना सुतक आहे, दुखावतील!"

"सुतक माझ्या घरचं आहे. सरका."

तिनं मधली चौकट उचलली, तिच्यावर राणीमाशी नाही ना ते बघितलं, माश्या बरणीत झटकल्या, साखर घालून घोळवल्या. ताटात तीळच तीळ! फीत तिकडं वाऱ्यावर मजेत फडफडत होती.

"तुझी श्रद्धा कमी पडली!" बुवा बोलला.

"माझी का किड्याची?"

हायरमला ठसका लागला. "पण मग मघाशी किडा गेला कुठं?"

"गेलाच नव्हता. किडा पिल्लांवर वाढतो, पिल्लांना भरवणाऱ्या माश्यांवर चढतो. पिल्लं मधे. कडेला नुसता मध, तिथं किडा कमीच."

गाठोडं बगलेत दाबून बुवा गाडीकडं सुटला.

"आता माश्यांना सांगायचंच नाही का गं?" हायरमनं हळूच विचारलं.

"सांगा की! आपलं मन हलकं होतं. पण किड्याला त्यातलं काही ऐकू येत नाही, त्याला औषधच लागतं. अन् पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या मागनं वाजवा. आधी विचारा, दुसरी बरणी कुठनं भरली?"

मग तिनं पट्ट्या आणल्या, चौकटींमधे सोडल्या आणि झाकणावर किल्लीनं टकटक केलं.

"बायांनो, औषध घातलंय. वास येईल जरा. सोसा."