पिठातला आजोबा

थोरलीच्या पिशवीत चार फोटो असत. टीव्हीवरच्या एका जाहिरातीतलेच, पण कंपनीचं नाव दिसेल तिथे ऑफिसने पांढरी पट्टी चिकटवलेली. दारोदार जायचं, फोटो दाखवायचे आणि विचारायचं, ही जाहिरात कशाची? कोणत्या कंपनीची? उत्तर येईल ते जसंच्या तसं पेन्सिलीने फॉर्मवर उतरवायचं. आपण काही सुचवायचं नाही, हा नियम.

फोटोतला म्हातारा आपला बाप आहे, हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं.

बाबांनी जन्मभर हौशी नाटकांत दरवान, पोलीस, नाहीतर गर्दीतला तिसरा माणूस केला. सत्तरीत ही जाहिरात मिळाली. कपाळावर चष्मा ठेवून म्हातारा घरभर चष्मा शोधतो, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालतो, मांजराला दटावतो, शेवटी पलंगाखाली अडकून बसतो. लोक हसून बेजार झाले, आणि दोन महिन्यांत बाबा गेले. जाहिरात मात्र रोज संध्याकाळी बातम्यांच्या मध्ये लागायची. आई हातातलं काम टाकून समोर बसायची आणि न चुकता ओरडायची, "अहो, कपाळावर आहे!"

माल काही खपत नव्हता. हे चाळीस फॉर्म वाईट आले तर जाहिरात बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

पहिल्याच दारात बाई फोटो बघून खुदकन हसली. "अगं बाई, हा तर आमचा पिठातला आजोबा! सासऱ्यांना आम्ही आता हेच म्हणतो. तोंडावर नाही हं."

"जाहिरात कशाची आहे?"

"चष्म्याची ना?"

शिंपीही चष्माच म्हणाला. एक निवृत्त मास्तर "पीठ" म्हणाले, वर पलंगाखाली शिरून नक्कल करून दाखवली. त्यांना बाहेर काढायला सुनेला बोलवावं लागलं. एकतिसाव्या दारात थोरलीने नियम मोडला.

"जरा वर बघा ना. आजोबांच्या डोक्यावर काय लटकतंय?"

"अय्या, बल्ब! बल्बची होय ही?" आणि त्या बाईने झटक्यात भलत्याच कंपनीचं नाव घेतलं. "त्यांचीच असणार. कालच दोन आणले मी."

जन्मभर ज्याला कुणी ओळखलं नाही, त्याला आज दारोदार लोक ओळखत होते. थोरलीचा ऊर भरून यायचा, पण फॉर्मवर बल्ब काही उतरायचा नाही. बाबांवरून नजर हटेल तेव्हा ना कुणी बल्बकडे बघणार!

घरी येऊन तिने खोडरबर काढलं. पहिल्या फॉर्मवरचा "चष्मा" पुसून "बल्ब" लिहिलं. दुसऱ्यावरही. आई शेजारी कपड्यांच्या घड्या करत होती.

"आई, बाबांच्या त्या जाहिरातीत काय विकतात गं?"

आईचा हात थांबला. "विकतात होय काही?" ती ओशाळून हसली. "मी आपली ह्यांना बघते."

थोरलीने खोडरबर परत उचललं. मग दोन्ही फॉर्मवर पुन्हा "चष्मा" लिहिलं.

पुढच्या आठवड्यात बातम्यांच्या मध्ये कोटातला एक माणूस आला. बल्ब हातात धरून त्याने कंपनीचं नाव तीनदा सांगितलं आणि गेला.

"आज उशीर झाला वाटतं ह्यांना," आई म्हणाली.

"बंद केली, आई. लोकांच्या लक्षात राहत नव्हती म्हणून."

"हे लक्षात राहत नव्हते?" आईचा चेहरा एवढासा झाला.

"छे गं! बाबा सगळ्यांच्या लक्षात आहेत. घराघरांत नकला करतात त्यांच्या."

"मग का बंद केली?"

कारण थोरलीला तोंडपाठ होतं, फॉर्म तिनेच भरले होते. पण ते कंपनीला सांगायचं कारण होतं, आईला सांगण्याजोगं नव्हतं. ती आईला खेटून बसली, आणि बातम्या संपेपर्यंत दोघींपैकी कुणीच टीव्ही बंद करायला उठलं नाही.