कमी झालीय

"ताई, रांग बघा ना केवढी! दहाच मिनिटं." साहेब दारातूनच म्हणाले. "आणि तुम्हाला तर कमीच खायचंय, नाही का?"

शेजारच्या तिकीट खिडकीवरचा सहकारी, भाऊ, फिस्सकन हसला. ताईंनी उचललेला डबा खाली ठेवला आणि बसचं पुढचं तिकीट फाडलं.

मधुमेह झाल्यापासून त्यांना उपदेशाला तोटा नव्हता. ज्यांच्या पोटापुढे शर्टाच्या बटणांनी हात टेकले होते, तेही त्यांना पथ्य शिकवीत. ताई कधी उलटून बोलल्या नाहीत. चहातली साखर सोडली, भात मुठीएवढा केला, दोन थांबे आधी उतरून चालू लागल्या. हातात नव्हती ती एकच गोष्ट, जेवायची वेळ. सकाळी इंजेक्शन घेतलं की वेळेवर पोटात घास जायलाच हवा. नाहीतर रक्तातली साखर धाडकन घसरते. साहेबांना हे दोनदा समजावलं होतं. साहेबांनी दोन्ही वेळा मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं?

दहा मिनिटांचा तास झाला. ताईंना दरदरून घाम फुटला, बोटं थरथरू लागली.

"अहो बाई, दोन मागितली, चार काय फाडताय? झोपलात का?" खिडकीबाहेरून कुणी खेकसलं.

ताईंनी कसाबसा खण ओढला आणि साखरेची पुडी काढली. भाऊने झडप घालून ती हिसकावली.

"ताई! शुगर आहे ना तुम्हाला? विष खाताय, विष!"

"कमी..." जीभ जड झाली होती. "कमी झालीय..."

"अशानं कुठली कमी होतेय? बंदच करा!" त्याने पुडी टेबलाखालच्या टोपलीत भिरकावली. थोडी साखर फरशीवर सांडली.

ताई खुर्चीवरून गुडघ्यांवर उतरल्या. कागदाच्या कपट्यांत हात घालून त्यांनी पुडी शोधली आणि होती नव्हती ती साखर तोंडात रिकामी केली.

"शी! ताई, कचऱ्यातलं?"

त्या टेबलाला टेकून डोळे मिटून बसून राहिल्या. थरथर थांबल्यावर उठल्या आणि काचेला 'बंद'ची पाटी लावली.

"ताई, अहो रांग..." साहेब पुन्हा दारात.

"काय खायचं नाही ते सगळे सांगतात, साहेब. खायला मात्र कुणी उठू देत नाही."

आवाज जराही चढला नव्हता. त्यांनी तिथेच डबा उघडला आणि पहिला घास सावकाश चावला.

काचेपलीकडे रांग कुरकुरत होती. टेबलाखाली, सांडलेल्या साखरेपाशी, मुंग्यांची दुसरी रांग लागली होती. तिला कुणी थांबवत नव्हतं.