अल्फियसचा ॲम्प्लिफायर

"जोडे काढा! तुम्ही उभे आहात ती भूमी पवित्र आहे!"

संदेष्टा ग्रेडीची आरोळी उठली आणि होल्ट्स क्रॉसिंगच्या गिलाद प्रार्थनागृहात दीडशे माणसांचे जोडे एकदम लाकडी फळ्यांवर खडखडले. ऑगस्टमधल्या त्या शुक्रवारी संध्याकाळी आत इतकी दाटी होती, की हातपंखा हलवायलाही जागा उरली नव्हती. व्यासपीठासमोर रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाचे पाय पांढऱ्या वेषातल्या दोन बायका घंगाळात धूत होत्या. एकमेकांचे पाय धुण्याची रीत या मंडळीत आजोबा-पणजोबांपासूनची. मात्र धुतलेले पाय पुसायचे नाहीत, हा नियम संदेष्ट्याने तीन आठवड्यांपूर्वी स्वतःबरोबर आणला होता. ओल्या पायांनी माणूस पुढे जाई, स्टँडवर आडव्या ठेवलेल्या स्टील गिटारच्या तारांवर हात ठेवी आणि पुढच्याच क्षणी त्याचा खांदा थरारून उठे.

"आला! आत्मा आला!" गर्दी गर्जे.

गिटारची वायर मागच्या, काचेच्या व्हॉल्व्ह-नळ्या असलेल्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडलेली होती. ट्रंकेएवढी ती पेटी मंद गुणगुणत होती आणि तिच्यातून दालचिनीचा गोडसर वास येत होता.

"हा वास स्वर्गाचा आहे!" संदेष्टा पांढऱ्या जोड्यांवर गिरकी घेत म्हणाला. "पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या. आता झटका बसतो. का? कारण देव रोज एकेक पाऊल जवळ येतो आहे! ब्रदर अल्फियस मेला कोण म्हणतं? तो या पेटीत आहे आणि तुमचा हात हातात घेतो आहे!"

देव एकेक पाऊल येत असला, तरी प्लग भिंतीत बसेपर्यंत तो उंबऱ्यावरच खोळंबत असे. तो प्लग संदेष्ट्याखेरीज कुणी लावायचा नाही, असाही नियम होता. प्लगला जांभळी फीत बांधलेली होती.

हे सारे तिसऱ्या बाकावरून लेमुएल टॉलिव्हर पाहत होता. वय सदुसष्ट, तंत्रविद्यालयात विजेचे शिक्षण आणि त्यानंतर चाळीस वर्षे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान. मोजल्याशिवाय बोलायचे नाही आणि मोजल्यावर गप्प बसायचे नाही, हे त्याने विद्यालयातून घरी आणलेले दोन नियम होते. रांगेत पुढे त्याची बायको ओडेसा उभी होती. मेलेला अल्फियस तिचा धाकटा भाऊ; ही गिटार आणि पेटी त्याचीच.

ओडेसाने तारांवर हात ठेवला. तिची बोटे आखडली, डोळ्यांतून धारा लागल्या.

"अल्फियस! अरे, तूच रे!"

टॉलिव्हर उठला आणि पुढे गेला.

"या, या, रेडिओ डॉक्टर!" संदेष्टा हसला. "नाही, तुम्ही जोडे काढू नका. आत्मा तुम्हाला ओळखतो का, ते तसंच पाहू."

टॉलिव्हरच्या जोड्यांना जाड रबरी तळ होते. त्याने तारांवर हात ठेवला. काहीही झाले नाही.

"पाहिलंत?" संदेष्ट्याने दोन्ही हात उंचावले. "विद्या आली की आत्मा जातो!"

हशा उसळला. तो ओसरायच्या आत संदेष्ट्याने घोषणा केली: रविवारी बाप्तिस्म्याच्या टाक्यात, कंबरभर पाण्यात उभे राहून तारांना स्पर्श करायचा. सगळे रोग जातील. पहिला मान मदर ओडेसाचा. तिच्या हृदयाचा दोष तिचा भाऊच काढून घेईल.

टॉलिव्हरने आधी रिकाम्या टाक्याकडे पाहिले, मग भिंतीतल्या प्लगकडे.

शनिवारी सकाळी त्याने समोरची न्याहारी बाजूला सारली.

"ओडेसा, त्या पेटीचा ट्रान्सफॉर्मर जळत आलाय. भिंतीतली वीज आतल्या पत्र्यावर उतरते, पत्र्यावरून तारांवर येते. लाकडाच्या ओल्या फळीतून वीज रांगत जाते. पाण्यातून ती धावते. तुझं हृदय आधीच ठोके चुकवतंय. उद्या तू त्या टाक्यात उतरायचं नाहीस."

"तुम्हाला काही जाणवलं नाही, मिस्टर टॉलिव्हर, म्हणून पोटात दुखतंय का?"

"मला ट्रान्सफॉर्मर बदलू दे. नवा दुकानात पडलाय. एका दुपारचं काम."

"म्हणजे भावाला दुसऱ्यांदा पुरू?" तिने कॉफीची किटली आदळली. "अकरा वर्षं दर रविवारी मी या हातांनी त्या पेटीवर अभिषेकाचं तेल घातलंय. अभिषिक्त वस्तू तुम्ही पाना घेऊन उघडणार? त्रेचाळीस वर्षांत तुम्ही माझं एक ऐकलं नाहीत, एवढं ऐका. पेटीला हात लावू नका."

"तेल?" टॉलिव्हर थबकला. "पेटीवर? वरच्या जाळीवर?"

"मग कुठे घालतात? शेपटीला?"

तो तसाच उठला. टोपी उचलून थेट पाळक मोझलींच्या घरी गेला.

पाळकांनी सगळे ऐकून घेतले. "लेम, गेल्या वर्षी माझ्यासमोर तीस माणसं असायची. आज उभं राहायला जागा नाही. माझ्या हातून जे झालं नाही ते या माणसाने केलंय."

"आणि उद्या पहिल्यांदा पाण्यात माझी बायको आहे."

"खात्री आहे तुला?"

"नाही. मोजायचं राहिलंय. ओडेसाला सांगितलं तेही अजून अनुमानच आहे. मला मोजू द्या."

पाळकांनी सुस्कारा सोडला. "पेटी उघडायची नाही. सगळ्यांसमोर, उघड्या डोळ्यांनी दिसेल असं काही असेल तर दाखव. नाहीतर पुन्हा या विषयावर तोंड उघडायचं नाही."

रविवारी टाके काठोकाठ भरले होते. स्टील गिटार टाक्याच्या कठड्याला लागून मांडली होती. ठरल्याप्रमाणे टॉलिव्हरला प्रवचनानंतर वेळ मिळणार होता. पण संदेष्ट्याने प्रवचनाला फाटा दिला आणि पहिल्याच गाण्यावर ओडेसाला हाक मारली. पांढरा झगा घातलेली ओडेसा पायरीपाशी आली.

टॉलिव्हर घाईने पुढे झाला. त्याच्या हातात शीतकपाटात असतो तसा पंधरा वॉटचा लहानसा दिवा होता आणि दिव्याला दोन वायरी होत्या. एक त्याने गिटारच्या तारेच्या टोकाला चिमटा लावून जोडली, दुसरी टाक्याच्या लोखंडी नळाला.

"पाळकसाहेबांच्या परवानगीने," तो म्हणाला. "तारांवर आत्मा असेल तर हा दिवा लागणार नाही. वीज असेल तर लागेल."

संदेष्ट्याने दिव्याकडे पाहिले, मग हसला. "आधी यंत्राची शुद्धी!" तो भिंतीपाशी वाकला, प्लग उपसला, दोन शब्द पुटपुटला आणि पुन्हा खोचला.

दिवा लागला नाही.

"रेडिओ डॉक्टरांचा रोगी दगावला!" मागून कुणीतरी ओरडले आणि बाकेच्या बाके हसली. टॉलिव्हरने मनातल्या मनात एकेक सांधा तपासला. चिमटा घट्ट. नळ खरवडून स्वच्छ केलेला. दिवा सकाळीच पाहिलेला. मग काय चुकले?

"बसा आता, मिस्टर टॉलिव्हर," ओडेसा हलकेच म्हणाली. त्याच्या फजितीची तिलाच लाज वाटत होती. ती पाण्यात उतरली. गुडघे, मांड्या, कंबर.

तेवढ्यात त्याचे लक्ष भिंतीकडे गेले. जांभळी फीत खाली लोंबत होती. शुक्रवारी ती प्लगच्या वरच्या अंगाला होती. दोन सारख्या पात्यांचा जुना प्लग; कसाही बसतो. एका बाजूने बसवला की जळका ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर जिवंत वीज सोडतो, उलटा बसवला की सोडत नाही.

तो बसला नाही. दिवा त्याने डोक्यावर उंच धरला.

"पाळकसाहेब, फितीवर नजर ठेवा!"

"मदर ओडेसा, डोळे मिटा!" संदेष्ट्याचा आवाज चढला. "अल्फियस, बहिणीचा हात धर!" दिव्याचा निकाल लागला, या भरवशावर तो पुन्हा भिंतीशी वाकला. प्लग निघाला, फिरला, बसला. फीत वर आली.

टॉलिव्हरच्या हातातला दिवा लख्ख पेटला.

ओडेसाचे डोळे मिटलेले होते. तिचा ओला हात तारांकडे निघाला होता. वीतभर अंतर उरले. भिंत दहा पावलांवर. प्लगपर्यंत पोहोचणे शक्य नव्हते.

"ओडेसा! डोळे उघड! तुला अल्फियसची शपथ, डोळे उघड!"

हात थांबला. तिने डोळे उघडले आणि दिवा पाहिला. हवेत तरंगत राहिलेला हात तिने खाली घेतला नाही आणि पुढेही नेला नाही.

"तो दिवा कुठे जोडलाय?"

"एक टोक तारांना. दुसरं, तू उभी आहेस त्या पाण्याच्या नळाला. या दिव्यातून वाहते तिच्या निम्मी वीजसुद्धा हृदयातून गेली, तर हृदय बंद पडतं. तू आता दोन टोकांच्या मधे उभी आहेस."

"सैतानाचा दिवा!" संदेष्टा गरजला. "मदर, विश्वास धरा!"

ओडेसाने हात छातीशी घेतला आणि त्याच्याकडे वळून पाहिले.

"विश्वास आहे, संदेष्टे. म्हणूनच म्हणते, पहिला मान तुमचा. जोडे काढा. या पाण्यात, माझ्या शेजारी."

"माझ्यात आत्मा आधीच आहे."

"मग भीती कसली? या की!"

दीडशे माना त्याच्याकडे वळल्या. संदेष्टा पायरीपर्यंत आला. दिव्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले. कपाळ पुसता पुसता तो शेजारी उभ्या असलेल्या सेवकाकडे किंचित झुकला.

"आधी फीत खाली कर," तो कुजबुजला.

पण ओडेसा दोनच हातांवर होती.

"फीत?" तिने मोठ्याने विचारले. "आत्म्याला वर-खाली कळतं का हो?"

कुणी हसले नाही. पाळक मोझली चालत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने प्लग उपसला. दिवा विझला. टॉलिव्हरने पाण्यात हात घालून बायकोला बाहेर काढले.

संदेष्टा दुपारच्या माशांच्या जेवणाला थांबला नाही. पांढरे जोडे मात्र तो विसरला नाही, कारण तीन आठवड्यांत त्याने ते एकदाही काढले नव्हते.

त्याच दुपारी, पेकनच्या झाडाखालच्या जेवणाच्या टेबलावर, पाळकांच्या सांगण्यावरून टॉलिव्हरने पेटी सर्वांसमोर उघडली. आत दोन ट्रान्सफॉर्मर होते. मोठा भिंतीतली वीज घेऊन व्हॉल्व्हना पुरवणारा, धाकटा व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरपर्यंत नेणारा. मोठ्यावर काळा, चिकट थर साचला होता.

"वरच्या जाळीतून पडलेलं तेल यावर आलं," टॉलिव्हर म्हणाला. "तेलावर धूळ बसली. ट्रान्सफॉर्मर तापला की ती खरपूस भाजली जायची. अभिषेकाच्या तेलात दालचिनी असते, तोच हा वास. आतला कागद जळून कोळसा झाला. कागद वीज अडवतो, कोळसा तिला वाट देतो. कोळसा वाढला तसा झटका वाढला. देव पावलं टाकत नव्हता, कागद जळत होता."

ओडेसा टेबलाच्या टोकाला बसली होती. "म्हणजे हे मी केलं?"

तिला खोटे सांगणे त्याला सोपे होते. "तेल तू घातलंस," तो म्हणाला. "प्रेमाने घातलंस. ट्रान्सफॉर्मरला त्यातलं तेलच तेवढं कळलं. पण पाय ओले ठेवायला लावणारा, स्वतः रबरावर उभा राहणारा आणि फितीची बाजू लक्षात ठेवणारा माणूस दुसरा होता."

मंगळवारी त्याने मोठा ट्रान्सफॉर्मर बदलला. एकेक वायर चिठ्ठी बांधून सोडवली, नव्याच्या वायरी त्याच रंगांनी जुळवल्या, कथिलाचे डाग दिले आणि दोन पात्यांचा प्लग कापून जमिनीला जोडणारी तिसरी वायर असलेला बसवला. मग मीटर लावून तारांपासून नळापर्यंत मोजले. शून्य. धाकटा ट्रान्सफॉर्मर त्याने दोनदा तपासला, निर्दोष आढळला, आणि जिथल्या तिथे राहू दिला.

ओडेसा जोडे काढून पुढे आली. तिने तारांवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवून उभी राहिली.

"काहीच नाही हो," ती म्हणाली. डोळे भरले होते. "गेला तो."

"चार वर्षांपूर्वीच गेला, ओडेसा. आवाज त्याच्या हातात होता. तो आवाज ज्या वाटेने बाहेर पडायचा, ती वाट मात्र मी मोडलेली नाही."

तिने तारांवर सरकवायची पोलादी कांब उचलली आणि अल्फियसने तिला लहानपणी शिकवलेली एकच ओळ चाचपडत वाजवली. सूर लांबला, थरथरला आणि खिडकीबाहेर गेला. झटका कुणाला बसला नाही. रडले मात्र बरेच जण.

पुढच्या रविवारी बाकांवर साठच माणसे होती. पाळकांनी टॉलिव्हरला दोन शब्द बोलायला सांगितले. त्याला भाषण येत नव्हते.

"गा, प्रार्थना करा, मेलेल्यांची आठवण काढा," तो म्हणाला. "त्याला मीटर लागत नाही. पण कुणी चमत्कार दाखवू लागला, तर तो पुन्हा दाखवायला सांगा, उलटा करून दाखवायला सांगा, आणि स्वतःवर करून दाखवायला सांगा. खरी गोष्ट तपासणीने मरत नाही. आपल्यातलं एक माणूस तपासणी न केल्याने मरणार होतं."

तो खाली बसू लागला, तेव्हा पहिल्या बाकावरून ओडेसा उठली. तेलाची बाटली तिच्या हातात होती. पेटीजवळ ती क्षणभर थांबली आणि बाटलीचे झाकण तिने घट्ट फिरवून बंद केले.

"आणि कुणी जोडे काढायला सांगितले," ती मंडळीकडे वळून म्हणाली, "तर आधी त्याच्या पायांकडे बघा."